तू कुठला रे? घामाला विचार!

आज आधी एक कोडं घालते.

एका मुलाची आई जपानी आणि वडील गुजराती. मुलगा जन्मला जपानमध्ये, वाढला जपानमध्ये, फुटबॉल शिकला तोही जपानमध्येच. मोठा झाल्यावर तो सिंगापूरला खेळायला गेला. पुढं कोलकात्याला आला, मग मुंबईला आणि मग आपल्या पुण्याला. पुण्यात खेळता खेळता त्यानं जपानचं नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं आणि निळी जर्सी घालून भारताच्या संघातून मैदानात उतरला.

तर सांगा पाहू, हा मुलगा कुठला?

जन्मगाव बघणारे म्हणतील, जपानचा. वडिलांचं मूळ बघणारे म्हणतील, गुजरातचा. पासपोर्ट उघडून बघणारे म्हणतील, भारताचा. आणि मंचरच्या एस.टी. स्टँडवर विचारलंत, तर कुणीतरी हमखास म्हणेल, "पुण्याकडून खेळला ना? मग आपलाच की!"

चौघांचंही म्हणणं खोटं नाही. पण या वादात एक पाचवा साक्षीदारही आहे. तो आडनाव विचारत नाही, कागदपत्रं मागत नाही. हा साक्षीदार म्हणजे घाम. हसू नका! तुमचं तान्हेपण थंड मुलुखात गेलं की गरम मुलुखात, याची नोंद तुमच्या कातडीत झालेली असते आणि ती जन्मभर पुसली जात नाही. कशी, ते सांगते. पण आधी कोड्यातल्या मुलाची नीट ओळख करून घेऊ.

शिमोनोसेकी ते बालेवाडी

त्याचं नाव अराता इझुमी. जन्म ३१ जुलै १९८२, जपानमधल्या शिमोनोसेकी या समुद्राकाठच्या शहरात. २००५ मध्ये तो सिंगापूरच्या लीगमध्ये खेळला. मग कोलकात्याच्या ईस्ट बंगाल या गाजलेल्या क्लबनं त्याला घेतलं. त्यानंतर मुंबईचा महिंद्रा युनायटेड. आणि २००९ मध्ये तो पुणे एफसीत आला.

पुणे एफसीचं घरचं मैदान होतं बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल. नारायणगावहून पुणे-नाशिक रस्त्यानं निघालात, तर वाटेत फार कोंडी नसेल तेव्हा दोन-अडीच तासांत तुम्ही तिथं पोचता. अराता तिथं मिडफिल्डला खेळायचा. बचाव करणारे आणि गोल करणारे यांच्या मधली ही जागा. सगळ्यात जास्त पळापळ इथल्या खेळाडूच्या वाट्याला येते. २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसीनं आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला, तेव्हा अराता त्या संघात होता.

आता अडचण अशी होती, की क्लबकडून परदेशी खेळाडू खेळू शकतो, पण देशाकडून खेळायला त्या देशाचा नागरिकच असावं लागतं. आणि आपल्या देशाचा नियम कडक आहे. भारताचं नागरिकत्व हवं असेल, तर दुसऱ्या कुठल्याही देशाचं ठेवता येत नाही. नुसते वडील भारतीय असून भागत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांना सरकार एक खास कार्ड देतं, पण त्या कार्डावर भारताच्या संघात जागा मिळत नाही. म्हणून अरातानं जपानचं नागरिकत्व सोडलं. २०१२ मध्ये तो भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. पुढं तो इंडियन सुपर लीगमध्ये कोलकाता, केरळ अशा संघांकडून खेळला आणि नंतर नवी मुंबईत लहान मुलांना फुटबॉल शिकवू लागला.

अलीकडे असाच आणखी एक खेळाडू भारताचा झाला आहे. रायन विल्यम्स. जन्म १९९३ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. त्याची आई मुंबईत जन्मलेली. आईचे वडील १९५६ मध्ये संतोष ट्रॉफीत मुंबईकडून फुटबॉल खेळले होते! रायन इंग्लंडमधल्या क्लबांत खेळला, ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळला, २०२३ मध्ये बंगळुरू एफसीत आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला. आजोबा मुंबईचे, नातू पर्थचा आणि पासपोर्ट भारताचा.

जिथं अशा खेळाडूंची अख्खी टीमच असते

आपल्याकडे असे खेळाडू बोटावर मोजण्याइतके. पण फिलिपिन्सकडे बघा. सात हजारांहून जास्त बेटांचा हा देश. तिथले लाखो लोक परिचारिका म्हणून, जहाजावरचे खलाशी म्हणून जगभर कामाला जातात. तिकडे त्यांची लग्नं होतात, मुलं होतात. ही मुलं लंडनमध्ये, जर्मनीत, कॅलिफोर्नियात वाढतात आणि तिथल्या चांगल्या मैदानांवर फुटबॉल शिकतात. फिलिपिन्सचा कायदा म्हणतो, आई किंवा वडील यांपैकी एकजण फिलिपिनो असला की मूलही फिलिपिनो. शिवाय दोन देशांचं नागरिकत्व ठेवायलाही तिथं हरकत नाही. मग काय, राष्ट्रीय संघात परदेशी वाढलेल्या खेळाडूंची रांगच लागली.

त्यातला एक नील एथरिज. आई फिलिपिनो, वडील इंग्रज, जन्म आणि बालपण लंडनमध्ये. हा गोलकीपर. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो कार्डिफ सिटीकडून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये उतरला. तिथं खेळणारा तो पहिला फिलिपिनो. आणि पहिल्याच सामन्यात त्यानं पेनल्टी अडवली! पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या सामन्यात आणखी एक!

मुलींचा संघही मागं नाही. २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या महिला पहिल्यांदाच विश्वचषकात पोचल्या. २५ जुलैला न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन शहरात त्यांचा सामना होता खुद्द यजमान न्यूझीलंडशी. कॅलिफोर्नियाच्या सरिना बोल्डेननं डोक्यानं बॉल मारला आणि गोल झाला. फिलिपिन्सचा विश्वचषकातला तो पहिला गोल आणि त्याच गोलावर पहिला विजय.

पण या सगळ्यांचा पणजोबा शोभेल असा एक खेळाडू शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. पाउलिनो अल्कांतारा. जन्म १८९६, फिलिपिन्समधल्या इलोइलोत. वडील स्पॅनिश, आई तिथलीच. पाउलिनो तीनेक वर्षांचा असताना हे कुटुंब स्पेनमध्ये बार्सिलोनाला गेलं. १९१२ मध्ये तो बार्सिलोना क्लबकडून पहिला सामना खेळला, तेव्हा वय होतं १५ वर्षं. त्या सामन्यात पठ्ठ्यानं तीन गोल केले. मधे तो डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्सला परतला आणि १९१७ मध्ये तोक्योला झालेल्या स्पर्धेत फिलिपिन्सकडून खेळला. त्या संघानं जपानला १५-२ असं धुतलं! पुढं १९२२ मध्ये स्पेनकडून फ्रान्सविरुद्ध खेळताना त्यानं बॉल असा काही हाणला, की गोलाची जाळी फाडून तो पलीकडे गेला. बार्सिलोनासाठी मैत्रीपूर्ण सामने धरून त्याचे ३६९ गोल मोजले जात. हा विक्रम मोडायला २०१४ साल उजाडावं लागलं आणि तो मोडणारा होता लिओनेल मेस्सी. एवढं सगळं करून अल्कांतारा तिशी ओलांडल्या ओलांडल्या फुटबॉल सोडून डॉक्टर झाला.

अल्कांताराचं ते "तीनेक वर्षांचा असताना" लक्षात ठेवा बरं. पुढं कामाला येणार आहे.

घाम येतोच कशाला?

फुटबॉलपटू पळतो तेव्हा स्नायू काम करतात. स्नायूंना मिळालेल्या शक्तीतला साधारण पाव भागच पळण्यात खर्च होतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ही उष्णता अंगातच साठली तर ३७ अंशांचं शरीर भराभर तापेल आणि ४० अंशांच्या पुढं गेलं तर जिवावर बेतेल. म्हणून कातडीवर पाणी आणलं जातं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच युक्तीनं.

ही युक्ती किती जोरदार आहे बघा. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला, तर तो एवढी उष्णता नेतो, की तेवढ्या उष्णतेत सात लिटर साधं पाणी उकळीला येईल. उन्हातल्या सामन्यात एखादा खेळाडू दीड-दोन लिटर घाम सहज गाळतो.

पण त्यात एक मेख आहे. घाम उडून गेला तरच गारवा. नुसता ओघळून जमिनीवर पडला, तर गारवा नाहीच, उलट अंगातलं पाणी फुकट गेलं. तुम्ही जुन्नरहून कल्याणच्या एस.टी.नं मे महिन्यात गेला असाल, तर हा फरक अंगावर घेतलाय. घाटमाथ्याच्या अलीकडे ऊन चटचटतं, पण हवा कोरडी. घाम येतो न येतो तोच वाळतो. गाडी माळशेज घाट उतरून खाली गेली की हवा दमट. हवेत आधीच भरपूर वाफ असते, तिला घामाचं पाणी घ्यायची घाई नसते. शर्ट पाठीला चिकटतो, कानामागून धारा लागतात आणि तरीही अंगाची काहिली थांबत नाही. कोलकाता, मुंबई, सिंगापूर ही सगळी अशीच दमट गावं. शिमोनोसेकीच्या अरातानं खेळाडू म्हणून सुरुवातीची वर्षं नेमकी अशाच गावांत काढली.

डॉक्टर कुनो आणि निळे ठिपके

आता मुख्य गंमत. घाम बाहेर येतो तो कातडीतल्या घर्मग्रंथींतून. माणसाच्या अंगावर या वीस ते चाळीस लाख असतात. जपानमध्ये कुनो नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी आयुष्यभर घामाचाच अभ्यास केला आणि १९५६ मध्ये माणसाच्या घामावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांना प्रश्न पडला, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या अंगावर चालू घर्मग्रंथी किती?

पण मोजायच्या कशा? ग्रंथी डोळ्यांना दिसत नाहीत. इथं शाळेतला एक प्रयोग उपयोगी पडतो. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं की ती निळी-काळी होते, कारण बटाट्यात स्टार्च असतो. कातडीवर हेच करायचं. आधी स्पिरिटात विरघळवलेलं आयोडीन फासून वाळू द्यायचं. त्यावर एरंडेल तेलात कालवलेली स्टार्चची पूड लावायची. कोरडं असेपर्यंत काहीच होत नाही. मग माणसाला गरम खोलीत बसवायचं. जिथं घामाचा पहिला सूक्ष्म थेंब येतो, तिथं आयोडीन आणि स्टार्च यांची पाण्यात गाठ पडते आणि टाचणीच्या टोकाएवढा निळा-काळा ठिपका उमटतो. बघता बघता हातभर ठिपके! एक ठिपका म्हणजे एक चालू ग्रंथी. भिंगाखाली एका चौरस सेंटीमीटरमधले ठिपके मोजायचे.

पुढचं गणित तुम्हीच करा. समजा, एका चौरस सेंटीमीटरमध्ये सरासरी १४० ठिपके आले. माणसाच्या अंगावर कातडी साधारण १६,००० चौरस सेंटीमीटर. गुणाकार केलात? २२ लाख ४० हजार. अर्थात कपाळावर ग्रंथी दाट, पाठीवर विरळ, असा फरक असतो. म्हणून अंगावरच्या बऱ्याच जागा मोजून मग हिशेब घालावा लागतो.

कुनोंच्या हिशेबात जपानमधल्या लोकांच्या अंगावर सरासरी २३ लाखांच्या आसपास चालू ग्रंथी निघाल्या. थंड प्रदेशातल्या रशियन लोकांच्या १९ लाखांच्या आसपास. आणि फिलिपिनो लोकांच्या तब्बल २८ लाख.

तुम्ही म्हणाल, यात काय नवल? वेगळे लोक, वेगळं रक्त. कुनोंनी मग खरी हुशारी केली. त्या काळी बरीच जपानी कुटुंबं फिलिपिन्समध्ये जाऊन राहिली होती. मोठेपणी तिकडे गेलेल्या जपानी माणसांच्या ग्रंथी मोजल्या, तर त्या २३ लाखांच्याच घरात. कितीही वर्षं तिकडे राहिले तरी वाढल्या नाहीत. पण त्याच लोकांची जी मुलं फिलिपिन्समध्ये जन्मली आणि वाढली, त्यांच्या ग्रंथी? जवळजवळ २८ लाख! आईवडील दोघंही जपानी, आणि कातडीचा हिशेब फिलिपिनो.

याचा अर्थ असा, की आपण सगळे भरपूर ग्रंथी घेऊनच जन्माला येतो. पहिल्या दोन-अडीच वर्षांत शरीर अंदाज घेतं, की इथं गरम किती होतं. गरम मुलुख असेल तर जास्त ग्रंथी चालू होतात. थंड असेल तर कमी. जी ग्रंथी या काळात चालू झाली नाही, ती पुढं कायमची गप्प बसते. म्हणजे रांगायच्या आणि बोबडं बोलायच्या वयात ही नोंद होऊन जाते.

मात्र ग्रंथी जास्त म्हणजे घामही जास्त, असा सरळ हिशेब करू नका. गरम देशात जन्म काढलेली माणसं उलट बेतानं घाम गाळतात. पुष्कळ ग्रंथींतून थोडा थोडा घाम आला, की तो कातडीवर पातळ पसरतो आणि लगेच उडतो. ओघळून वाया कमी जातो.

आता लावा निकाल

चला, आपल्या खेळाडूंना या नियमाच्या तराजूत घालू.

लंडनचा नील एथरिज. आई फिलिपिनो, पण पाळण्यातली वर्षं लंडनच्या गारठ्यात. कातडीचा निकाल: इंग्लंड. देशाची जर्सी: फिलिपिन्स.

पाउलिनो अल्कांतारा. इलोइलोत जन्मून तीनेक वर्षं तिथंच काढली, म्हणजे ग्रंथींची मुदत संपेपर्यंत तो गरम हवेतच होता. कातडीचा निकाल: फिलिपिन्स. पुढचं आयुष्य: स्पेन. जाळी फाडली ती स्पेनच्या जर्सीत!

आणि आपला अराता. वडिलांकडून गुजरातचं रक्त आलं, पण रक्ताबरोबर गुजरातचं ऊन काही आलं नाही. कातडीचा निकाल: जपान. जर्सी: भारत.

मग प्रश्न असा, की जपानी हिशेबाच्या घर्मग्रंथी घेऊन हा माणूस मुंबई-कोलकात्याच्या उकाड्यात नव्वद-नव्वद मिनिटं मिडफिल्डला पळाला कसा?

दहा-चौदा दिवसांची तालीम

कारण शरीराकडे दुसरीही एक युक्ती आहे. ग्रंथींची संख्या वाढत नाही, पण आहेत त्या ग्रंथी कामाला सरावतात. थंड गावचा खेळाडू गरम गावी आला, की पहिले तीन-चार दिवस त्याची दैना उडते. तोंड लाल, छाती धडधडते, पाय जड. पण तो रोज तासभर उन्हात सराव करत राहिला, तर दहा-चौदा दिवसांत शरीर आतून बदलतं.

पहिला बदल रक्तात. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे स्नायूंना रक्त पुरवून कातडीलाही पुरवता येतं आणि हृदयाची धावपळ कमी होते. दुसरा बदल घामाच्या वेळेत. आधी अंग बरंच तापल्यावर घाम सुटायचा, आता तापायला लागलं की लगेच सुटतो. तिसरा बदल सगळ्यात भारी. घामाची चव बदलते! सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ कमी असतं. बाहेर जाता जाता ग्रंथी मीठ परत आत ओढून घेते आणि पाणी तेवढं सोडते.

हा सराव कायमचा नसतो. महिनाभर पुन्हा गार हवेत राहिलात की शरीर विसरून जातं आणि परत पहिल्यापासून सुरुवात. म्हणूनच मोठे संघ गरम देशातल्या स्पर्धेला आठवडा-दोन आठवडे आधी जाऊन राहतात. २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात तर फार उकाडा असला तर खेळ थांबवून पाणी प्यायची सुट्टी द्यायचा नियमच होता.

तुमच्याही कामाची गोष्ट आहे ही. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या गारव्यात राहणाऱ्या मुलांची टीम एप्रिलमध्ये ठाण्या-मुंबईला सामने खेळायला जाणार असेल, तर आदल्या दिवशी पोचून भागत नाही. आदल्या दोन आठवड्यांत मंचर-नारायणगावच्या उन्हात हळूहळू सराव वाढवायचा. भर दुपारी नाही हं! सकाळी नऊच्या सुमाराला, सरांच्या देखरेखीखाली आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवून.

पेनल्टीच्या वेळचा वेगळा घाम

आता तळहाताकडे बघा. अंगातल्या सगळ्यात दाट घर्मग्रंथी तळहातांवर आणि तळपायांवर असतात. पण या ग्रंथी मोठ्या विचित्र. उन्हाला त्या फारशा दाद देत नाहीत. त्यांना जाग येते ती भीतीनं, काळजीनं, उत्सुकतेनं. गणिताचा पेपर हातात पडताना तळवा ओलसर होतो ना? तोच हा घाम.

गोलकीपर एथरिजचं काय होत असेल विचार करा. पेनल्टीचा बॉल गोलापासून ११ मीटरवर ठेवतात. ताशी १०० किलोमीटर वेगानं मारलेला बॉल तिथून गोलात पोचायला ०.४ सेकंद लागतो. पापणी लवते न लवते तेवढा वेळ! बॉल निघाल्यावर विचार करत बसायला सवडच नाही. मारणाऱ्याचा पाय, कंबर, नजर बघून आधीच अंदाज बांधायचा आणि झेप घ्यायची. अशा वेळी लंडनचा असो, मनिलाचा असो की घोडेगावचा, प्रत्येकाचा तळहात ओला होणारच. या घामाला गावबिव काही नसतं.

तुमच्याच गावचे परदेशी पाहुणे

परदेशात वाढलेला माणूस दुसऱ्या देशाचा होतो, हे काही आजचं नाही. जुन्नरकरांनी तर ते दोन हजार वर्षांपूर्वीपासून पाहिलंय.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. शिवनेरीच्या पोटात, मानमोडीच्या डोंगरात, लेण्याद्रीला. त्यांत ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. लेणं खोदायला, टाकं खोदायला कुणी पैसे दिले, त्यांची नावं त्यांत कोरली आहेत. त्या यादीत तीन नावांच्या आधी 'यवन' असं लिहिलंय. ग्रीक आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांना तेव्हा यवन म्हणत. या तिघांपैकी इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनानं भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. तिसरा चंद. त्याच्याही दानाचा लेख आहे.

समुद्रापलीकडून आलेला माल कल्याणच्या बाजूनं नाणेघाट चढून जुन्नरला येई. व्यापारी येत, राहत, इथलेच होऊन जात. ज्याला परत निघून जायचंय, तो डोंगरात पाण्याची टाकी कशाला खोदवील? पुढं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या मलिक अंबरनं जुन्नरला काही काळ निजामशाहीची राजधानी केली, तोही जन्मानं आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनचा मोठा मुत्सद्दी झाला.

इरिलच्या घर्मग्रंथी कुठल्या हवेत चालू झाल्या असतील, ते असो. त्याचं नाव मात्र जुन्नरच्या दगडात आहे.

करून बघा

एक चांगलं भिंग घ्या. हात साबणानं धुऊन पुसून कोरडे करा. खिडकीशी बसा आणि आपल्या बोटाचं टोक भिंगाखाली धरा. बोटावर बारीक वळ्या दिसतील, त्यांचेच ठसे उमटतात. आता वळ्यांमधल्या खाचांत बघू नका, वळीच्या माथ्यावर बघा. तिथं ओळीनं बारीक बारीक टिंबं दिसतील. एकेक टिंब म्हणजे एकेका घर्मग्रंथीचं तोंड. जरा वेळ तसेच थांबा. मग मित्राला सांगा, पाढा विचार, चुकलो तर सगळ्यांना चहा! पाढा म्हणता म्हणता भिंगातून बघत राहा. त्या टिंबांवर चमचमणारे इवलेसे थेंब उगवताना दिसतील. आयोडीनचा प्रयोग मात्र घरी एकट्यानं करू नका. काहींच्या कातडीला आयोडीन सोसत नाही. तो विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना शाळेत दाखवायला सांगा.

जाता जाता एक काम सांगते

घाम सांगतो ते एवढंच, की माणूस दोन वर्षांचा होईतो कुठं होता. त्यापुढचं तो काही सांगत नाही. अरातानं पुण्यासाठी किती मैदानं तुडवली, रायननं कुठला पासपोर्ट निवडला, सरिनानं कुणासाठी उडी मारली, हे त्यांनी स्वतः ठरवलं. म्हणून माझं मत विचाराल तर खेळाडू ज्यांच्यासाठी पळतो, त्यांचा.

आता काम. दिवाळीच्या सुमाराला विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात. बीड, नगर, जळगावकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात आणि त्यांच्याबरोबर तुमच्या वयाची मुलंही येतात. काही तुमच्या शाळेत बसतात, काही बसतच नाहीत. ती चार-पाच महिने तुमच्या गावात राहतात, तरी संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभी राहून नुसता खेळ बघतात. या हंगामात टीम पाडताना त्यांना आधी हाक मारा. आणि मैदानावर जाताना पाण्याच्या दोन बाटल्या जास्त न्या.